मशिदीच्या किल्ल्या कुणाच्या खिशात?

१३ मार्च २०२५ला असद राजवट उलथवून सत्तेवर आलेल्या अहमद अल-शरा यांनी दमास्कसमध्ये सीरियाच्या हंगामी घटनेवर सही केली आणि आपल्याकडच्या चर्चेने नेहमीचं वळण घेतलं. राष्ट्राध्यक्षाचा धर्म इस्लाम असेल आणि इस्लामी फिक्ह (धार्मिक न्यायशास्त्र) हाच कायद्याचा प्रमुख स्रोत असेल, एवढी दोन वाक्यं उचलून एका गटाने निकाल देऊन टाकला : अरबांच्या मातीत लोकशाही रुजायची नाही, कारण त्या मातीत धर्म मुरलाय. दुसऱ्या गटानेही पाठ केलेलं उत्तर म्हणून दाखवलं : धर्माचा यात काडीचा संबंध नाही, सगळं पाप अमेरिकेचं आणि तेलाचं. एक साधी गोष्ट तपासावी असं मात्र दोघांपैकी कुणालाच वाटलं नाही. राष्ट्राध्यक्षाच्या धर्माचं कलम काही अल-शरांनी आणलेलं नाही. असद घराण्याच्या 'सेक्युलर' बाथ पक्षाच्या राजवटीच्या घटनेत ते १९७३पासून होतं. हाफिज अल-असद यांनी मसुद्यातून ते आधी गाळलं होतं. दंगे उसळले तेव्हा निमूटपणे परत घातलं. असद अलवी पंथाचे, आणि अलवींना मुसलमान मानायचं की नाही यावर सुन्नी बहुसंख्याकांत कुरबुर होती. त्याच सुमारास लेबनॉनमधले शिया धर्मगुरू मूसा अल-सद्र यांनी अलवी हे शियाच आहेत असा निर्वाळा दिला आणि तोही प्रश्न निकालात निघाला. आता सांगा, इथे धर्म राज्यावर स्वार झाला होता की राज्याने धर्माला कामाला लावलं होतं?

माझं म्हणणं सरळ आहे. बहुतेक अरब देशांत धर्म राज्याच्या मानगुटीवर बसलेला नाही, राज्य धर्माच्या मानगुटीवर बसलेलं आहे. त्यामुळे 'आधी धर्म बाजूला करा, मग राजकीय सुधारणा होतील' हा सल्ला तिथे उलटा पडतो. धर्म बाजूला करायचा म्हणजे काय, तर राज्यकर्त्याने तो आणखी घट्ट मुठीत धरायचा, असाच त्याचा अर्थ आजवर निघालाय. आणि ज्या मुठीत मशीद, त्याच मुठीत वर्तमानपत्र, न्यायालय आणि कामगार संघटना. ही मूठ बोटाबोटाने उघडत नाही.

लांबून हे दिसत नाही, म्हणून जरा जवळ जाऊ. माझा एक रत्नागिरीकडचा मित्र बरीच वर्षं दुबईत आहे. जुम्म्याचा खुतबा, म्हणजे शुक्रवारचं प्रवचन, तो मशिदीत जाण्याआधीच मोबाइलवर वाचून ठेवतो, कारण खुतबा इमाम लिहीतच नाही. धार्मिक व्यवहार पाहणाऱ्या सरकारी खात्याकडून तो येतो, खात्याच्या संकेतस्थळावर अरबी, इंग्रजी आणि उर्दूत मिळतो, आणि देशभरच्या इमामांनी तोच वाचायचा असतो. 'आमच्या गावच्या मशिदीत मौलवी काय बोलेल याचा भरवसा नसायचा,' तो हसत म्हणतो, 'इथे भरवसाच भरवसा.' २०२२च्या जानेवारीत अमिरातीने आठवड्याची सुट्टी शनिवार-रविवारकडे सरकवली, शुक्रवार अर्ध्या दिवसाचा केला आणि देशभरच्या जुम्म्याच्या नमाजाची वेळ सव्वा वाजता ठरवून दिली. मंत्रिमंडळाच्या एका निर्णयात जुम्म्याची वेळ बदलते, तिथे 'धर्मसत्ता' म्हणायचं कुणाला?

हे नेहमी असं नव्हतं. पूर्वीच्या मुस्लिम समाजांत आलिम, म्हणजे धर्मपंडित मंडळींचं पोट वक्फवर चालायचं. कुणी व्यापारी, कुणी अमीर, कुणी विधवा आपली जमीन किंवा दुकान देवाच्या नावाने बांधून ठेवी आणि त्या उत्पन्नातून मदरसा, दवाखाना, पाणपोई चालायची. आपल्याकडच्या देवस्थान इनामांसारखंच काहीसं. सगळे आलिम बाणेदार होते असं मुळीच नाही, दरबारी पंडित तिथेही चिक्कार होते. पण सुलतानाला 'नाही' म्हणायची हिंमत ज्याला करायची असेल त्याची चूल सुलतानाच्या हातात नव्हती. एकोणिसाव्या शतकात इजिप्तचा राज्यकर्ता मुहम्मद अली याने वक्फ जमिनींवर हात घातला. विसाव्या शतकातल्या प्रजासत्ताकांनी उरलंसुरलं काम केलं. १९५६नंतर ट्युनिशियात राष्ट्रनेते हबीब बुर्गीबांनी वक्फ मोडीत काढले. १९६१ साली इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांनी १०३ क्रमांकाचा कायदा करून कैरोचं हजार वर्षं जुनं अल-अझहर धर्मविद्यापीठ सरकारी चौकटीत बसवलं आणि तिथल्या शेखची नेमणूक राष्ट्राध्यक्षाकडे गेली. तेव्हापासून आलिम पगारदार झाला. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे कैरोतही खरं आहे.

पगारदार धर्म कशासाठी लागतो याचा उत्तम नमुना १९८०च्या मे महिन्यात सापडतो. इजिप्तच्या १९७१च्या घटनेत शरियाची तत्त्वं कायद्याचा 'एक' प्रमुख स्रोत होती. राष्ट्राध्यक्ष सादात यांनी दुरुस्ती करून तीच कायद्याचा प्रमुख स्रोत ठरवली. अरबीत हा फरक 'अल' या एवढ्याशा उपपदाचा आहे. मराठीत उपपद नाही, पण आपल्याकडे 'च' आहे आणि तो बरोबर तेच काम करतो : शरिया 'हाच' स्रोत. इजिप्तमध्ये धर्मराज्य आलं त्याचा पुरावा म्हणून हे कलम आजही दाखवलं जातं. त्याच सार्वमतात आणखी एक दुरुस्ती होती, ती कुणी दाखवत नाही. राष्ट्राध्यक्षाला दोनच मुदती, ही अट काढून कितीही मुदतींची मोकळीक देण्यात आली होती. जनतेच्या हातावर एक 'च' ठेवला आणि स्वतःसाठी तहहयात खुर्ची घेतली. सादात यांना ती फार लाभली नाही, पुढच्याच वर्षी त्यांची हत्या झाली. लाभली होस्नी मुबारकना, जवळजवळ तीस वर्षं. हा सौदा धर्माने राज्याशी केला असं ज्यांना वाटतं त्यांनी दोन्ही दुरुस्त्या शेजारी ठेवून वाचाव्यात.

किंवा ३ जुलै २०१३च्या रात्रीचं ते दूरचित्रवाणीवरचं दृश्य बघावं. मध्ये लष्करी गणवेशात जनरल अब्देल फतह अल-सिसी उभे. बाजूला खुर्च्यांवर अल-अझहरचे शेख अहमद अल-तय्यिब, कॉप्टिक ख्रिश्चनांचे पोप तावाद्रोस, नोबेल मिळवलेले उदारमतवादी मोहम्मद अल-बरदेई, आणि सलाफींच्या, म्हणजे कर्मठ मूळतत्त्ववाद्यांच्या, नूर पक्षाचा दाढीवाला प्रतिनिधी. वर्षभरापूर्वी निवडून आलेल्या इस्लामवादी राष्ट्राध्यक्ष मोहम्मद मुर्सींना हटवल्याची घोषणा झाली आणि मग एकेकाने उठून पाठिंब्याचे चार शब्द बोलायचे होते. शेख तय्यिब म्हणाले की दोन अपायांपैकी कमी अपायकारक ते निवडावं असा शरियाचा नियम आहे. या खोलीत धर्म कमी होता का? भरपूर होता, दोन धर्मांचे प्रमुख आणि वर सलाफी. खोलीत नव्हता तो मतदार. सहा आठवड्यांनी, १४ ऑगस्टला, कैरोच्या रब्बा चौकातलं मुर्सी समर्थकांचं धरणं मोडताना एका दिवसात किमान ८१७ माणसं मेल्याची नोंद ह्यूमन राइट्स वॉचने केली. तय्यिब यांनी तेव्हा सांगितलं की या कारवाईची बातमी आपल्याला माध्यमांतूनच कळली. खरंच असेल. खुर्ची मांडायला बोलावतात तेव्हा प्रत्येक निर्णय विचारतातच असं नाही.

आता दुसऱ्या बाजूचे मुद्दे. ते हलके नाहीत आणि हलके समजू नयेत. पहिला : निवडून आलेले इस्लामवादी तरी कुठे लोकशाहीवादी निघाले? मुर्सींना ५१.७ टक्के मतं होती, म्हणजे अर्धा देश विरोधात. तरीही २२ नोव्हेंबर २०१२ला त्यांनी फर्मान काढून आपले निर्णय न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेले, घाईघाईने घटना रेटली आणि जेमतेम एक तृतीयांश मतदानाच्या सार्वमतावर ती लागू केली. मुर्सी गेल्यावर त्यांच्या संतापलेल्या समर्थकांनी डझनावारी चर्च जाळली, ज्यांचा दोष एवढाच की त्यांचा पोप त्या रात्री त्या खुर्चीवर होता. कॉप्टिक कुटुंबाला बहुमताची भीती वाटते ती काल्पनिक नाही. मी हे सगळं मान्य करतो. पण मुर्सींनी नेमकं काय केलं ते पाहा. न्यायालयांना बाजूला सारणं, फर्मानाने राज्य करणं, सार्वमताचा शिक्का मारून घेणं यातलं काहीही कुराणात शिकवलेलं नाही. हे सगळं नासर, सादात, मुबारक यांच्या शाळेतलं आहे. मुर्सी इजिप्शियन राष्ट्राध्यक्षासारखे वागले. फरक एवढाच की फर्मान काढायला लागतं ते लष्कर त्यांच्याकडे नव्हतं.

दुसरा मुद्दा मला जास्त अवघड वाटतो. स्त्रियांना जे मिळालं ते वरून मिळालं, खालून नाही. बुर्गीबांनी १३ ऑगस्ट १९५६ला फर्मान काढून बहुपत्नीत्व बंद केलं. मतदानाला टाकलं असतं तर झालं असतं का? मोरोक्कोत २००४ साली मुलींच्या लग्नाचं वय अठरा झालं ते राजाने 'अमीर अल-मोमिनीन' (श्रद्धावंतांचा नेता) या नात्याने कुराणाचे दाखले देत संसदेला सांगितलं म्हणून. सौदी अरेबियात २०१६मध्ये धार्मिक पोलिसांचा अटकेचा अधिकार गेला, २४ जून २०१८ला बायका गाडी चालवू लागल्या. निवडणूक घेऊन हे झालं असतं असं छातीठोकपणे मलाही म्हणता येत नाही. मराठी वाचकाला ही कोंडी नवी नाही. आधी सामाजिक की आधी राजकीय, यावरून टिळक आणि आगरकरांची मैत्री तुटली होती. १८८७मध्ये आगरकर 'केसरी' सोडून गेले, १८८८मध्ये 'सुधारक' निघाला, आणि पुढे १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने अख्खं पुणं दोन तट पडून भांडलं. मी मनाने आगरकरांच्या बाजूचा माणूस, म्हणून रियाधच्या युवराजाची बाजू घ्यायचा मोह मलाही होतो.

पण त्या पुण्यात 'केसरी'ही निघत होता आणि 'सुधारक'ही. रियाधमध्ये बायकांना गाडी चालवू द्या म्हणून वर्षानुवर्षं धडपडलेल्या लुजैन अल-हथलुल यांना बंदी उठायच्या महिनाभर आधी, मे २०१८मध्ये, पकडलं गेलं. त्याच्या आधी, सप्टेंबर २०१७मध्ये, लाखो अनुयायी असलेले धर्मोपदेशक सलमान अल-औदा आत गेले. सौदीने बहिष्कार टाकलेल्या कतारशी समेट होणार अशी चिन्हं दिसताच त्यांनी ट्विटरवर स्वागताचे दोन शब्द लिहिले होते. म्हणजे आगरकरही तुरुंगात, टिळकही तुरुंगात, आणि सुधारणा चालू! या सुधारणेला मी कमी लेखत नाही. गाडीची किल्ली हातात आलेल्या बाईला माझ्या लेखाची गरज नाही. पण जी किल्ली एका माणसाच्या मर्जीने मिळते ती त्याच मर्जीने जाते, आणि हे सौदी बायका एकदा बघून बसल्या आहेत. २० नोव्हेंबर १९७९ला जुहेमान अल-उतैबीच्या सशस्त्र टोळीने मक्केची मोठी मशीद ताब्यात घेतली. दोन आठवडे चकमक चालली. हरममध्ये, म्हणजे मशिदीच्या पवित्र आवारात, शस्त्र चालवायला राजाला आलिमांचा फतवा लागला, तो मिळाला. मग त्रेसष्ट बंडखोरांची डोकी उडवण्यात आली आणि फतव्याची किंमत म्हणून शाळा, रस्ता, बायकांचा वावर हे सगळं आलिमांच्या हवाली झालं. तेही वरूनच आलं होतं. मार्च २०११मध्ये हीच आलिम परिषद, निदर्शनं करणं इस्लामला मंजूर नाही, असं सांगायला धावून आली.

तिसरी शंका : राज्याने पकड सोडली तर मशिदी माथेफिरूंच्या हाती जातील. गेल्याही. २०११मध्ये हुकूमशहा बेन अली पळाल्यावर ट्युनिशियात शेकडो मशिदींवर सलाफींनी कब्जा केला, सरकारी इमामांना हाकललं. हजारो ट्युनिशियन तरुण सीरियात लढायला गेले. जून २०१५मध्ये सूसच्या समुद्रकिनाऱ्यावर एकाने अडतीस जणांना मारलं तेव्हा लोकशाही सरकारलाच ऐंशी मशिदी बंद करायचा निर्णय घ्यावा लागला. हा मुद्दा उडवून लावणारा माणूस प्रामाणिक नाही. तरीही विचारावंसं वाटतं : ते तरुण कुठल्या शाळेत शिकले होते? बुर्गीबांनी झैतुना ही ट्युनिसची हजाराहून जास्त वर्षांची विद्यापीठ-मशीद मोडकळीस आणली, साठच्या दशकात रमजानमध्ये लोकांसमोर संत्र्याचा रस पिऊन दाखवला, आणि १९७५ साली स्वतःला तहहयात राष्ट्राध्यक्ष करून घेतलं. देशातली जाणती, वादविवाद करणारी धर्मपरंपरा मोडली आणि तिच्या जागी सरकारचा भाट बसवला, की खऱ्याखुऱ्या श्रद्धेचा पोरगा भाटाकडे जात नाही. तो कॅसेटकडे जातो, मग उपग्रह वाहिनीकडे, मग टेलिग्रामकडे. इजिप्तमध्ये इस्लामवादी विचारवंत सय्यद कुत्ब यांचं सगळ्यात जहाल लेखन नासरच्या तुरुंगात झालं. १९६६मध्ये त्यांना फाशी दिलं, लेखन राहिलं.

कॅथलिक युरोपचा इतिहास इथे आठवावासा वाटतो. १८६४मध्ये पोप नववे पायस यांनी आधुनिक काळाच्या चुकांची जी यादी जाहीर केली तिच्यात धर्मस्वातंत्र्य होतं, उदारमतवाद होता. इटलीतल्या श्रद्धाळूंनी राष्ट्रीय निवडणुकीत मतच देऊ नये, अशी पुढे कित्येक वर्षं व्हॅटिकनची आज्ञा होती. त्या काळी कॅथलिक धर्म आणि लोकशाही यांचं जमत नाही असं कुणी म्हटलं असतं तर पुरावा पोपच्याच सहीचा होता. साठच्या दशकातही पोर्तुगाल, स्पेन आणि बरीचशी लॅटिन अमेरिका बघून हेच म्हणता आलं असतं. गोव्याच्या वाचकाला सालाझारची ओळख करून द्यायला नको. त्याने १९४०मध्ये व्हॅटिकनशी करार करून चर्चला आपल्या पंखाखाली घेतलं होतं. मग बदललं काय? धर्मग्रंथ तर तेच होते. कॅथलिक पक्षांनी निवडणुका लढवल्या, हरले, जिंकले, आघाड्या केल्या, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाने जवळजवळ अर्धं शतक सत्तेत काढलं. धर्मस्वातंत्र्याला चर्चची अधिकृत मान्यता मिळाली १९६५मध्ये. आधी व्यवहार बदलला, मग सिद्धांत. एक फरक कबूल करतो : चर्चला रोममध्ये स्वतःचा पत्ता होता. हुकूमशहा पिनोशेच्या चिलीत १९७६ साली आर्चबिशपने छळ झालेल्यांसाठी कचेरी उघडली ती त्या पत्त्याच्या जोरावर. सुन्नी आलिमांना असा पत्ता नाही, जो होता तो वक्फबरोबर गेला.

ज्यांच्याकडे पत्ता उरला त्यांनी काय केलं, याचं उदाहरण अरब जगातच आहे. जून २००३. बगदादमध्ये अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर नेमलेल्या लोकांकडून इराकची घटना लिहून घ्यायच्या तयारीत होते. शियांचं धर्मपीठ असलेल्या नजफच्या एका बोळातून आयातुल्ला अली अल-सिस्तानी यांचा छोटासा फतवा आला : घटना लिहिणारी सभा इराकी जनतेने निवडून दिलेली हवी. लोकशाहीचं आश्वासन देत आलेली महासत्ता निवडणूक टाळत होती आणि पागोटंवाला म्हातारा मतपेटी मागत होता! नजफचं धर्मपीठ श्रद्धाळूंच्या खुम्सवर, म्हणजे धार्मिक देणगीवर चालतं, सरकारच्या पगारावर नाही, म्हणून तो फतवा निघू शकला. याचा शेवट गोड झाला असं सांगून मी कुणाला फसवणार नाही. इराकमध्ये पुढे लेबनॉनसारखीच पंथवार वाटणी झाली. शियांचा पंतप्रधान, सुन्नींचा सभापती, कुर्दांचा राष्ट्राध्यक्ष, आणि प्रत्येक खात्यात आपापल्या पंथाची भरती. २०१९च्या ऑक्टोबरात बैरुतमध्ये 'सगळे म्हणजे सगळे' अशी घोषणा देत लोक उतरले, बगदादमध्येही उतरले. धर्माला राज्यात जागा देण्याचा सगळ्यात वाईट मार्ग म्हणजे त्याचा कोटा पाडणे, हे या दोन शहरांकडून शिकावं.

आणि स्वायत्त धर्मपीठ पुरोगामीच असेल असं तर मुळीच समजू नये. २०१७च्या जानेवारीत सिसींनी तोंडी तलाकला कायद्याने मान्यता नको अशी सूचना केली आणि भर सभेत शेख तय्यिब यांच्याकडे बघत म्हणाले, इमामसाहेब, तुम्ही मला दमवलंत. फेब्रुवारीत अल-अझहरच्या ज्येष्ठ आलिमांनी सूचना फेटाळली. मुबारक गेल्यानंतर, २०१२च्या दुरुस्तीने, अझहरला थोडी स्वायत्तता परत मिळाली होती आणि तिचा एक मोठा वापर हा असा झाला. मला सिसींचा मुद्दा पटतो, तय्यिब यांचा पटत नाही. पण गंमत बघा : कायदा करायला सिसींना अडवलं कुणी होतं? संसद त्यांच्या खिशात होती. अझहरचं मत हे मत होतं, नकाराधिकार नव्हता. तरी ते थांबले, कारण ज्याच्या सत्तेला मतांचा आधार नाही त्याला शेखच्या शिक्क्याचा आधार लागतो. मतांवर उभं असलेलं सरकार शेखशी भांडू शकतं. बंदुकीवर उभं असलेलं सरकार सगळ्यांशी भांडतं, फक्त शेखला सांभाळून घेतं.

अमेरिका-तेलवाल्या गटाचं म्हणणं मला अर्ध्याहून जास्त मान्य आहे, म्हणून त्यावर फार शाई घालवत नाही. जे राज्य जमिनीखालून पैसा काढतं त्याला करदात्याची मनधरणी करावी लागत नाही. मे २०२४मध्ये कुवेतच्या अमीरने साठ वर्षांची संसद चार वर्षांपर्यंत बंद ठेवायचं ठरवलं, त्याला कुठल्याही फतव्याची गरज पडली नाही. सुदानला २०२३पासून दोन सेनापती जाळताहेत. धर्म हे या दोन्ही घटनांचं कारण नाही. पण या गटाची चूक अशी की धर्म कारण नाही म्हटल्यावर तो विषयच संपला असं त्यांना वाटतं. रस्त्यावरच्या माणसाला अन्यायाविरुद्ध बोलायचे शब्द धर्मातून मिळतात. ते शब्द तुम्ही राज्यकर्त्याला आंदण दिलेत, तर विरोधकाने बोलायचं कशात?

अल्जीरियातल्या लोकांनी यावर शब्द शोधला होता. तिथे डिसेंबर १९९१मध्ये इस्लामवादी पक्षाने पहिल्या फेरीत १८८ जागा जिंकल्या, जानेवारीत लष्कराने निवडणूकच मोडली, आणि पुढची दहा वर्षं यादवीत गेली. मेलेल्यांचा आकडा दीड ते दोन लाख सांगतात. धर्माच्या आणि लष्कराच्या दोन्ही टोकांनी पोळलेला हा देश फेब्रुवारी २०१९मध्ये रस्त्यावर आला तेव्हा घोषणा होती 'दौला मदनिया, माशी अस्करिया', राज्य नागरी हवं, लष्करी नको. सेक्युलरसाठी अरबीत 'अलमानी' हा शब्द आहे, पण बेन अली आणि बाथवाल्यांनी तो पार बदनाम करून ठेवलाय. 'मदनी' आला 'मदिना'वरून, मदिना म्हणजे शहर. आपला 'नागरी' नगरावरून आला, तसाच. नमाजी आणि बेनमाजी एकाच शुक्रवारी, जुम्मा आटोपून, एकाच मोर्चात ही घोषणा देत होते. धर्म हवा की नको हा प्रश्न त्या घोषणेत नव्हताच. लष्कराच्या बराकीतून राज्य बाहेर कधी येणार, हा होता.

मतपेटी इस्लामवाद्यांना हरवू शकते का? मोरोक्कोत हरवलं. न्याय आणि विकास पक्षाने २०११मध्ये १०७ आणि २०१६मध्ये १२५ जागा मिळवल्या. दहा वर्षं सरकार चालवून, महागाईचं खापर डोक्यावर घेऊन, इस्रायलशी करारावर आपल्याच पंतप्रधानाची सही बघून २०२१मध्ये तो १३ जागांवर आला. ना रणगाडे, ना रब्बा. राजाने त्यांना फारशी सत्ता दिलीच नव्हती आणि बदनामी मात्र पुरेपूर दिली, हेही खरं. तरी मतदार कंटाळू शकतो, एवढं सिद्ध व्हायला तेवढं पुरलं.

राहता राहिला ट्युनिशिया, जिथून २०१०-११चे अरब उठाव सुरू झाले. ऑक्टोबर २०११मध्ये राशिद घनुशींच्या एन्नहदा या इस्लामवादी पक्षाला २१७पैकी ८९ जागा मिळाल्या. पक्षातल्या पुष्कळांना घटनेत शरिया हवा होता. महिनोन्‌महिने वाद झाला आणि मार्च २०१२मध्ये पक्षाने तो आग्रह सोडला. २०१३मध्ये दोन डाव्या नेत्यांच्या हत्या झाल्या, देश कडेलोटावर आला. तेव्हा कामगार संघटना, उद्योजक, वकील आणि मानवाधिकारवाले मध्ये पडले, आणि एन्नहदाने निवडणूक न हरता सत्ता सोडली. २०१४च्या घटनेत नागरी राज्य आलं, विवेकस्वातंत्र्य आलं. दोन वर्षांनी पक्षाने धर्मप्रसार आणि राजकारण वेगळं केल्याचं जाहीर केलं. एन्नहदाचं सरकार चांगलं होतं असं मी म्हणत नाही. बेकारी तशीच राहिली आणि लोक विटले. मग २५ जुलै २०२१ला राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवली. हे गृहस्थ मौलवी नाहीत, घटनात्मक कायद्याचे प्राध्यापक आहेत. इस्लामवाद्यांचा काटा निघाला म्हणून शहरातल्या उदारमतवाद्यांनीही त्या रात्री गाड्यांचे हॉर्न वाजवले. एप्रिल २०२३मध्ये घनुशी तुरुंगात गेले, त्यांच्या मागोमाग हॉर्न वाजवणाऱ्यांपैकीही काही गेले. मधल्या काळात, जुलै २०२२मध्ये, प्राध्यापकांनी स्वतः मसुदा हातात घेऊन नवी घटना आणली. मतदान तीस टक्क्यांच्या आसपास. तिचं पाचवं कलम सांगतं की ट्युनिशिया इस्लामी उम्माचा (जगभरच्या मुस्लिम समाजाचा) भाग आहे आणि इस्लामचे उद्देश साध्य करण्यासाठी झटणं हे राज्याचंच, एकट्या राज्याचंच, काम आहे. एन्नहदा संसदेतला सगळ्यात मोठा पक्ष असताना लिहिलेल्या घटनेत हा 'च' नव्हता.